काचेवर एकच रेघ

ताईने आयुष्यभर मोठमोठ्या काचा शिडीवरून वर चढवल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांत उभं राहून बसवल्या, आणि तिला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. तीच ताई मंगळवारी सकाळी न्हाणीघरात साबणाच्या वडीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. शिडीवर माणूस सांभाळून असतो. न्हाणीघरात कोण सांभाळतो?

दुपारी ती आपल्या काचेच्या दुकानात आली ती हात गळ्यात बांधूनच. मागून भावजी, म्हणजे तिचे यजमान, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिची पर्स घेऊन. "डॉक्टर म्हणाले, दीड महिना या हाताने काही म्हणजे काही करायचं नाही," भावजींनी जाहीर केलं. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या आवाजाने अजून मैदान सोडलं नव्हतं.

धाकटी बहीण काच कापायच्या टेबलाजवळ उभी होती. तिने आधी ताईचा हात बघितला, मग टेबलावर पडलेला हिरा बघितला.

हिरा म्हणजे काच कापायचं अवजार. त्याच्या टोकाला हल्ली पोलादाचं इवलंसं चाक असतं, पण धंद्यात सगळे त्याला हिराच म्हणतात. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर दोघी बहिणींनी चालवलं आणि झकास चालवलं. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. मापं घेणं, फ्रेमा करणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, काच चौकटीत बसवणं, हे सगळं धाकटीचं. हिरा मात्र ताईचा. ताई काचेवर रेघ ओढायची, रेघेखाली लाकडाची पट्टी सरकवायची, आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या धाकटीला एकच शब्द म्हणायची, "दाब." दोघींनी दोन बाजूंनी एकदम दाबलं की काच बरोबर रेघेवर दुभंगायची. इतकी वर्षं धाकटी दाबत आली होती. तिने रेघ कधी ओढली नव्हती.

का नव्हती, तेही सांगायला हवं. धाकटीला कुठलीच गोष्ट एकदा करून चैन पडत नसे. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायची आणि ओढून बघायची. गॅस बंद केला की अर्ध्या जिन्यावरून माघारी. माप घेतलं की पुन्हा माप. मापाला ते चांगलंच होतं. तिचं माप चुकल्याचं रस्त्यात कुणाला आठवत नाही. पण काचेला हे चालत नाही. काचेवर हिरा एकदाच फिरवायचा. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवला की रेघ बिघडते, आणि दाबल्यावर काच स्वतःला वाटेल तिकडे जाते. धाकटीला हे तोंडपाठ होतं. तरी लहानपणी वडिलांनी तिच्या हातात हिरा दिला तेव्हा तिने रेघ ओढली, ती तिला फिकट वाटली, आणि नकळत हात मागे गेला. काच वाकडीतिकडी फुटली. दुसरी दिली, तीही फुटली. वडील रागावले नाहीत. "हिचा हात मापाचा आहे, कापायचा नाही," एवढंच म्हणाले, आणि तेही अगदी लाडाने. लाडाने मारलेला असला तरी शिक्का तो शिक्काच. धाकटीने तो पुसून बघायच्या भानगडीत न पडता चाळिशी ओलांडली.

"बेकरीची काच शनिवारी द्यायची ना?" ताईने खुर्चीत बसता बसता विचारलं.

"हो. रविवारी उघडतोय तो."

समोरच्या रांगेत नवी बेकरी निघत होती. बेकरीवाला अंगाने दांडगा आणि मनाने इतका मऊ की कुणी त्याच्या बनाला चांगलं म्हटलं तरी डोळे पुसायचा. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या भट्टीवर राबून आता कुठे त्याने स्वतःची भट्टी लावली होती. रविवार सकाळचं बोलावणं त्याने अख्ख्या रस्त्याला दिलं होतं, आणि दर्शनी खिडकीला अजून प्लास्टिकचा कागद फडफडत होता. तेवढी जाड आणि तेवढी मोठी काच दुकानात एकच उरली होती. कारखान्याची गाडी यायला पंधरवडा होता.

"मशीनदादाला फोन करते," ताई म्हणाली.

मशीनदादा हा दोघींचा मोठा चुलतभाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं काचेचं गोदाम होतं आणि गोदामात काच कापायचं मशीन होतं. त्याच्या बोलण्यात मशीन आलं नाही असं वाक्य क्वचितच सापडे. मशीन स्वतः मात्र बहुतेक वेळ दुरुस्तीला असे, तसं ते आताही होतं. पण त्याच्याकडे दोन कारागीर होते, आणि कित्येक वर्षं तो एकच पालुपद लावून बसला होता, "तुमचं दुकान माझ्या धंद्यात घालून टाका. दोघीच दोघी किती दिवस ओढणार?"

"दीड महिना त्याचा माणूस येईल," ताई खाली बघत म्हणाली. "नंतर मग आपण..." मशीनदादाने एकदा पाय आत टाकला की तो बाहेर काढणार नाही, हे दोघींना कळत होतं. कारागीर त्याचा, मग माल त्याचा, मग पाटी त्याची.

"मी कापते," धाकटी म्हणाली.

हे कोण बोललं म्हणून ताईने वर बघितलं. खरं तर धाकटीनेही इकडेतिकडे बघितलं.

"तू?"

"शुक्रवारपर्यंत थांब. नाही जमलं तर कर फोन."

मग सुरू झाली शिकवणी. तुकडे भरपूर होते. धाकटीने हिरा रॉकेलमध्ये बुडवला, काचेवर आखायची पट्टी लावली, जीव मुठीत धरून रेघ ओढली. रेघ अशी फिकट, की आहे की नाही तेच कळेना. हात मागे गेला. काच फुटली. दुसरा तुकडा. हात मागे गेला. काच फुटली. ताई खुर्चीतून ओरडत होती, "अगं, नको ना! झालीय ती रेघ!" आणि धाकटी म्हणत होती, "झालीय का खरंच?" तोवर हात जाऊन आलेला असायचा.

भावजींना हे बघवेना. भावजींचा स्वतःवर गाढ विश्वास होता. त्या विश्वासाच्या जोरावर त्यांनी दुरुस्तीसाठी उघडलेली घरातली सगळी घड्याळं अजून एका डब्यात पडून होती. "तुझं चुकतंय कुठे सांगू?" ते म्हणाले. "मनाची तयारी नाही. छाती पुढे काढ. मोठ्याने म्हण, मला जमणारच!"

"मला जमणारच," धाकटी म्हणाली.

"ऐकू नाही आलं!"

"मला जमणारच!" धाकटी इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरचं एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. मग तिने रेघ ओढली, हात मागे गेला, आणि काच फुटली.

"अजून जोर पाहिजे आवाजात," भावजी म्हणाले. ताईने त्यांना चहा सांगायला पाठवून दिलं.

बुधवार असाच गेला. गुरुवारी दुपारपर्यंत तुकड्यांच्या पेटीचा तळ दिसायला लागला आणि धाकटीने हात टेकले. रडली नाही, पण नाक लाल झालं होतं. "बाबा बरोबर म्हणायचे," ती म्हणाली, आणि झाडू घेऊन टेबलाखालचा चुरा गोळा करायला वाकली. "कर फोन दादाला."

ताई चिडली होती. बहिणीवर, साबणावर, प्लॅस्टरवर, सगळ्यांवरच. ती तिरिमिरीत उठली, डाव्या हातात हिरा धरला आणि म्हणाली, "हे बघ, किती सोपं आहे! डाव्या हाताने करून दाखवते." आणि तिने सर्रकन रेघ ओढली.

"मध्ये सुटला," टेबलाखालून धाकटी म्हणाली.

"काय?"

"हिरा मध्ये सुटला. शेवटाकडे. तिथून वाकडी जाईल."

ताईने खाली वाकून काच उजेडात तिरपी धरली. शेवटाकडे नखाएवढी जागा रिकामी होती. दाबल्यावर काच तिथूनच फाकली.

"तू तर खाली होतीस," ताई म्हणाली. "दिसलं कसं तुला?"

"दिसलं नाही. ऐकू आलं." धाकटी झाडू घेऊन उभी राहिली. "आवाज तुटला ना मध्ये."

"कसला आवाज?"

"म्हणजे? रेघेचा आवाज. चांगली रेघ रेशमी कापड फाडल्यासारखी सलग वाजते. तुला नाही ऐकू येत?"

"मला हातात कळतं," ताई सावकाश म्हणाली. "आवाजाकडे मी कधी लक्षच दिलं नाही." ती पुन्हा खुर्चीत बसली आणि बहिणीकडे एखादा नवीन माणूस बघावा तशी बघत राहिली. "मागे त्या दवाखान्याच्या दारांना मी 'दाब' म्हटलं आणि तू दाबलंच नाहीस. म्हणालीस, थांब, दुसरी काच घेऊ."

"तुझी रेघ खरखरली होती."

"आणि त्या आरशाच्या वेळी?"

"तीच गोष्ट. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"अगं बाई माझे," ताई म्हणाली, "मग तू डोळे फाडून रेघेकडे बघतेस कशाला? रेघ फिकटच असते. नुसती बघितली तर ती सगळ्यांना फिकटच दिसेल. तू बघू नकोस. ऐक."

धाकटीने नवा तुकडा घेतला. पट्टी लावली, चाक कडेला टेकवलं, आणि मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. हात निघाला. बारीक, सलग, एकाच सुरातला आवाज या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. ती रेघेकडे बघायला वळणार, तेवढ्यात ताई कडाडली, "बघू नकोस! झाली की नाही ते सांग."

"झाली," धाकटी म्हणाली. असं ती जन्मात पहिल्यांदा एकाच दमात म्हणाली असेल. पट्टी सरकवली, दाबलं. टक्. दोन सरळ तुकडे.

तिने दुसरा कापला. तिसरा कापला. मग तिला आवरता आवरेना. चौकोन कापले, पट्ट्या कापल्या, पट्ट्यांच्या आणखी बारीक पट्ट्या कापल्या. जो तुकडा हाती लागेल त्याचे दोन केले. एक तुकडा फुटला, तेव्हा ती म्हणाली, "हा फुटणारच होता, सुरुवातच खरखरली," आणि पुढचा घेतला. भावजी त्या दिवशीचा चहा घेऊन आले तेव्हा दोघी बहिणी हसून हसून लाल झाल्या होत्या आणि टेबलावर काचेच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. "बघा!" भावजी म्हणाले. "मी सांगितलं तसं छाती पुढे काढून केलं की नाही?" कुणीच त्यांना नाही म्हटलं नाही. इतक्या आनंदात कोण वाद घालतो?

शनिवारी सकाळी मोठी काच टेबलावर आली. टेबल तिने पूर्ण झाकून टाकलं. आणि मशीनदादाही आला. त्याला कुणी बोलावलं? भावजींनी, "आपलं सावधगिरी म्हणून." ताईने यजमानांकडे असं बघितलं की ते लगेच दुकानाबाहेर जाऊन रस्त्याची पाहणी करायला लागले. मशीनदादा हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. "मशीन असतं तर चुटकीसरशी झालं असतं," तो म्हणाला. "पण चालू दे तुझं. फुटली तर सोमवारपासून माझा माणूस येतोच आहे."

धाकटीने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मापाला ते चालतं. मग हिरा उचलला आणि थांबली. समोरच्या बेकरीत पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं. कोपऱ्यावरचा लोहार ठोकत होता. दुचाक्या होत्याच.

"मला शांतता पाहिजे," ती म्हणाली. "ऐकू आलं पाहिजे."

हे काम भावजींना अगदी जन्मजात जमणारं होतं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "सावधान!" बेकरीवाल्याने यंत्र बंद केलं. लोहाराचा हातोडा वरच राहिला. दोन दुचाकीवाले थांबले आणि काय झालं म्हणून एकमेकांना विचारायला लागले, तर भावजींनी त्यांनाही ओठांवर बोट ठेवायला लावलं. रस्ता असा गप्प झाला की वरच्या मजल्यावर कुणीतरी फोडणी दिली तीसुद्धा ऐकू आली.

धाकटीने मान वळवली आणि हिरा चालवला. तो आवाज सगळ्या रस्त्याने ऐकला. लांब, बारीक, कुठेही न तुटलेला. शेवटच्या कडेवरून चाक खाली उतरलं, आणि तिने हिरा टेबलावर ठेवून दिला.

पलीकडे भावजींना उभं केलं होतं. "एक-दोन-तीन मोजायचं नाही," ताईने त्यांना आधीच बजावलं होतं. धाकटी म्हणाली, "दाबा." टक्. कड आरपार सरळ. बाहेर टाळ्या पडल्या. लोहाराने राहिलेला घाव घालून घेतला. बेकरीवाल्याने अर्थातच डोळे पुसले. मशीनदादा भिंतीपासून हलला, त्याने कडेवरून अंगठा फिरवला, आणि तोंडाने "हं" एवढंच म्हणाला. ताईला ते पुरलं.

आता काच रस्ता ओलांडून न्यायची. चौघे लागले. धाकटी आणि बेकरीवाला एका टोकाला, मशीनदादा आणि भावजी दुसऱ्या. भावजी उलटे चालत होते, कारण उलटं चालल्याशिवाय हुकूम नीट देता येत नाहीत. "डावा! उजवा! डावा! उजवा!" काच मधोमध डुलत, सगळा रस्ता स्वतःत दाखवत निघाली. बेकरीच्या पायरीपाशी भावजी म्हणाले, "विश्राम!" आणि आपल्या बाजूचा कोपरा उघड्या दगडावर टेकवला.

काचेचा कोपरा दगडावर टेकवत नाहीत. खाली लाकूड हवं, गोणपाट हवं, निदान स्वतःचं पाऊल तरी हवं. सगळं ओझं त्या एका टोकावर येतं. "भावजी, नको!" म्हणेपर्यंत खळ्ळ झालं. चौघांच्या हातातून अख्खी काच खाली बसली.

कुणाला लागलं नाही, हे नशीब. भावजींचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदान सोडून घशात येऊन अडकला. "माझ्यामुळे," ते म्हणाले, "माझ्यामुळेच." बेकरीवाला पायरीवर मटकन बसला. त्याच्या मागे प्लास्टिकचा कागद फडफडत होता. मशीनदादाने सुस्कारा सोडला. "जाऊ दे गं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. "तू प्रयत्न केलास. एवढी जाड काच माझ्याही गोदामात नाही. माल आला, मशीन आलं की पुढच्या आठवड्यात पाठवतो. आणि सोमवारपासून..."

धाकटी तुकड्यांत वाकली होती. तिने एक लांब तुकडा उचलून उजेडात धरला. "ताई," ती म्हणाली, "कड बघ. कसली सरळ आहे!"

आणि ती हसली. उसनं हसू नव्हतं ते. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. एवढी मोठी काच समोर चुरा होऊन पडली होती, कालपरवापर्यंत एवढ्यावर तिने आठवडाभर अंथरूण धरलं असतं, आणि आता तिच्या मनात एकच गोष्ट होती, की ही कड मी कापली, आणि अशी आणखी कापता येईल. काच फुटली होती. कापता येणं काही फुटलं नव्हतं.

तिने रस्त्यापलीकडे आपल्या दुकानाकडे बघितलं. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या रांगा एकाच कंत्राटदाराने बांधलेल्या, एकाच उंचीच्या. तिच्या दुकानाची दर्शनी काच वडिलांनी बसवलेली, तशीच जाड, उंचीला तेवढीच. रुंदीला मात्र हातभर जास्त.

"आपली काच काढूया," ती म्हणाली.

"आपली म्हणजे दुकानाची?" ताई ओरडली. "अगं, बाबांची काच आहे ती! आणि इतकी जुनी! जुनी काच कापता येत नाही, मलासुद्धा धीर व्हायचा नाही."

हे खरं होतं. ऊनवारा खाऊन काचेची कातडी निबर होते, हिऱ्याला दाद देत नाही. मशीनदादानेही मान हलवली. "फुटली तर दोन दुकानं उघडी पडतील," तो म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली. "बेकरीवाले, उठा. पट्ट्या उचकटायला माणूस पाहिजे."

काय चाललंय ते कळायच्या आत बेकरीवाला उठला. चौकटीच्या पट्ट्या निघाल्या, काच सुटली, टेबलावर आली. आतली बाजू वर ठेवली, कारण बाहेरच्या बाजूने पावसाळे खाल्ले होते. धाकटीने स्पिरिटने ती लख्ख पुसली आणि माप घेतलं. या सगळ्यात रस्त्याला शांत करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. भावजी पायरीवरचा चुरा गोळा करत होते, लोहार ठोकत होता, दुचाक्या हॉर्न वाजवत होत्या, आणि जमलेली माणसं आपापसांत पैजा लावत होती. ताई म्हणाली, "गप्प करू का सगळ्यांना?"

धाकटीने हिरा कडेला टेकवला. "असू दे," ती म्हणाली.

हात निघाला. आणि जुन्या काचेचा आवाज वेगळाच होता. रेशीम नाही, काही नाही. करकर, मग नुसतीच मुकी रेघ, मग पुन्हा करकर. इतक्या वर्षांत ऐकलेल्या कुठल्याच रेघेशी तो जुळेना. कान काही सांगेनात. पण हाताखाली चाक चावत होतं, तसंच, जेवढं पाहिजे तेवढंच, आणि हे तिला कळत होतं. ताई म्हणाली होती तसं हातात कळत होतं. तिने जोर वाढवला नाही, कमी केला नाही. चाक शेवटच्या कडेवरून खाली उतरलं.

रेघ जवळजवळ दिसतच नव्हती. मशीनदादा वाकला. "मध्ये लागलेली नाही वाटतं," तो पुटपुटला. "एकदा परत..."

"लागलीय," धाकटी म्हणाली, आणि पट्टी खाली सरकवली.

पलीकडे ताई येऊन उभी राहिली होती. धाकटीच्या जागेवर, डावा हात काचेवर ठेवून. एवढ्या वर्षांत ती त्या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. तिथून बघताना तिला पहिल्यांदाच कळलं, की पलीकडच्या माणसाला समोरच्यावर किती भरवसा ठेवावा लागतो. ती वाट बघत राहिली.

"दाब," धाकटी म्हणाली.

काच क्षणभर हटून बसली. मग टक् झालं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सरळ दुभंगली. ताईच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच निघालं. प्लॅस्टरचा हात विसरून तिने टेबलावरूनच बहिणीला मिठी मारायचा प्रयत्न केला, आणि काचेवर झोपते की काय म्हणून मशीनदादाने तिला मागून धरलं.

या वेळी काच नेताना भावजींना फक्त वाहनं थांबवायचं काम दिलं. बेकरीवाल्याने पायरीवर आपला ॲप्रन घडी करून घातला, वर स्वतःचं पाऊल ठेवलं, आणि काच चौकटीत अशी बसली की धाकटीला कडेने पुट्टी भरायला जेवढी फट हवी तेवढीच राहिली. दुपारपर्यंत भट्टी पेटली. बेकरीवाल्याने पहिल्या घाण्यातले बन सगळ्यांच्या हातात कोंबले, काचेवर बोटांचे ठसे उमटले, आणि ते बघून तो पुन्हा रडला.

धाकटीच्या दुकानाला आता दर्शनी बाजूच राहिली नव्हती. रस्त्यावरून येणारे जाणारे सरळ आत डोकावून विचारत होते, "काय हो, काचेच्या दुकानाची काच कुठे गेली?" आणि ताई बन खात खात समोर बोट दाखवत होती.

निघताना मशीनदादा ताईजवळ आला. बनाचा चुरा झटकत, जरा घुटमळत म्हणाला, "मग सोमवारचं काय करायचं? माझा माणूस पाठवू, की मी स्वतःच येऊ?"

"मला काय विचारतोस?" ताई म्हणाली. "हिला विचार."

धाकटी शिडीवर चढून रिकाम्या चौकटीचं माप घेत होती. तिने खाली बघितलं.

"तू स्वतःच ये, दादा," ती म्हणाली. "कारखान्याची गाडी येईपर्यंत इथे दोन तुकडे जोडून बसवणार आहे. मी कापेन. मला काच धरायला माणूस लागेल."

मशीनदादाने ताईकडे बघितलं, ताईने बनाकडे. मग तो हसला, मान हलवली, आणि सोमवारी सकाळी हातमोजे घालून वेळेवर आला.